जुन्या व्हॉल्व्ह ध्वनिवर्धकांचा जीर्णोद्धार : एका प्रश्नाचा आढावा

विजेच्या गिटारीसाठी बांधलेला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा बोलता करावयाचा झाल्यास त्यातील किती भाग बदलावेत, किती तसेच ठेवावेत, आणि बदलून उरलेल्या वस्तूस जुनेच नाव देणे कितपत न्याय्य ठरेल, हा प्रश्न वरकरणी कारागिराच्या टेबलापुरता दिसतो. परंतु त्यात वारसाजतन, संगीत, विद्युत्शास्त्र आणि बाजारभाव या चारही दप्तरांचे कागद एकमेकांत मिसळलेले आहेत. गेल्या काही दशकांत या विषयावर पुष्कळ ऊहापोह झाला. त्यातील मुख्य पक्ष कोणते, त्यांचे म्हणणे कशाच्या आधारावर उभे आहे, आणि मुंबईपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या या किनाऱ्यावर, जेथे असे संच खारट वाऱ्यात आणि चार-चार महिन्यांच्या पावसात जुने झाले, तेथे त्या वादाचे स्वरूप कसे बदलते, हे क्रमाने मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक डहाणू तालुक्यातील सरावली येथे राहतो आणि अशा संचांच्या दुरुस्तीत त्याचा बराच वेळ जातो. त्यामुळे उदाहरणे स्वाभाविकच येथल्या टेबलावरची येतील.

पूर्वपीठिका

१९०४ साली फ्लेमिंगने दोन इलेक्ट्रोडांची आणि १९०६ साली ली डी फॉरेस्टने तीन इलेक्ट्रोडांची नलिका, म्हणजेच व्हॉल्व्ह, सिद्ध केली. हा तिसरा इलेक्ट्रोड म्हणजे ग्रिड. त्यावरील अल्पशा विद्युत्दाबाच्या चढउताराने पलीकडचा मोठा प्रवाह ताब्यात ठेवता येतो, या एका तत्त्वावर पुढील अर्धशतकातले नभोवाणीचे, बोलपटांचे आणि जाहीर सभांचे सारे ध्वनिवर्धन उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला, तेव्हा प्रेक्षकांनी ऐकलेला आवाज अशाच तापलेल्या काचेच्या नलिकांतून वाढून आलेला होता.

गिटारीचा ध्वनिवर्धक हा या कुळातील धाकटा. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९४६ साली आपली कंपनी काढली आणि नलिका-उत्पादकांनी छापलेल्या आदर्श मंडलांचा आधार घेऊन एकापेक्षा एक सुटसुटीत संच बांधले. त्यांपैकी ‘बेसमन’ या संचाचे मंडल पुढे ठेवून लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२च्या सुमारास मार्शलचा पहिला संच तयार झाला. त्याच सुमारास डिक डेनी यांनी आखलेला, चार ईएल ८४ नलिकांचा ‘व्हॉक्स एसी ३०’ इंग्लंडभर पसरला. या सर्वांच्या कर्त्यांचा मूळ हेतू आवाज शक्य तितका स्वच्छ वाढवावा हाच होता. परंतु वादकांनी आवाजाची खुंटी टोकापर्यंत फिरवली, नलिका आपल्या मर्यादेबाहेर ढकलल्या गेल्या, स्वरांच्या कडा फाटू लागल्या, आणि जो दोष म्हणून टाळावयाचा तोच नव्या संगीताचा प्राण होऊन बसला.

पुढील सर्व वादाचे बीज येथे आहे. जुना रेडिओ दुरुस्त करणाऱ्यापुढे एक निश्चित मानदंड असतो: प्रक्षेपणात जे आले ते जसेच्या तसे ऐकू यावे. गिटारीच्या ध्वनिवर्धकास असा मानदंड नाही, कारण येथे यंत्राचा दोष हाच वाद्याच्या कंठाचा एक भाग झालेला असतो. आणि पन्नास वर्षांच्या वापराने आलेला दोष कोणता व कर्त्याच्या हातून आलेला दोष कोणता, हे वेगळे काढण्याचे निर्विवाद साधन आजही कोणापाशी नाही.

आपल्याकडचा वारसा

इंग्रजी नि अमेरिकी ग्रंथकारांनी या विषयावर जे लिहिले ते कारखान्यातून निघालेल्या, अनुक्रमांक असलेल्या, आराखडा छापून उपलब्ध असलेल्या संचांविषयी आहे. आपल्याकडील परिस्थिती निराळी होती. स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत आयात-परवाना आणि जकात या दुहेरी कुंपणामुळे परदेशी ध्वनिवर्धक हाती येणे सामान्य वादकास दुरापास्तच होते. घरच्या रेडिओसाठीसुद्धा टपाल कचेरीत वार्षिक परवाना भरावा लागे, असा तो काळ. तेव्हा ज्यास विजेची गिटार वाजवावयाची, त्याने एक तर सभेसाठी बनलेला, दिल्लीच्या आहुजा कंपनीसारख्यांचा, ध्वनिवर्धक वापरावा, किंवा लॅमिंग्टन रोडवरील, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरील, एखाद्या जाणकार मेकॅनिककडून परदेशी आराखड्यावरून संच बांधून घ्यावा, असे दोनच मार्ग उरत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने साठच्या दशकात रेडिओच्या नलिकांचे उत्पादन हाती घेतल्यावर या मेकॅनिकांना देशी माल मिळू लागला. ‘बेल’चा शिक्का असलेल्या ईएल ८४ आजही जुन्या बाजारात सापडतात आणि जाणकार त्या आवर्जून राखून ठेवतात.

हे संच कोणी वाजवले, याचा इतिहास अद्याप तुकड्यातुकड्यांनीच लिहिला गेला आहे. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत विजेची हवाईयन गिटार प्रतिष्ठित करणारे व्हॅन शिप्ले आणि त्यांचे सहकारी, पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स, यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोचल्या. १९७० आणि १९७१ सालच्या सिमला बीट स्पर्धांतून तरुणांच्या बीट मंडळ्या पुढे आल्या. याहून दुर्लक्षित, पण या किनाऱ्यास अधिक जवळची, अशी एक धारा आहे. कोळीवाड्यांतील हळदीत, वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो, म्हणजे पिकअप बसवून विजेचा केलेला बुलबुल तरंग, हाही ध्वनिवर्धकाच्या मर्यादेबाहेर ढकलून आणि कर्ण्यातून फेकूनच ऐकवला जात आला आहे. त्या करकरीत, टोकदार नादाची आवड आणि गिटारवादकाची फाटक्या स्वरांची आवड या दोन सख्ख्या बहिणी आहेत, असे माझे मत आहे. आणि ध्वनिवर्धकांच्या इतिहासात बेंजोवाल्यांचे नाव आले नाही तर तो इतिहास अपुरा राहील.

या वारशाचा परिणाम असा, की येथील पुष्कळ संचांना ‘मूळ अवस्था’ अशी एक ठरलेली अवस्थाच नाही. सध्या सरावलीत माझ्या टेबलावर असलेल्या संचाचेच पाहा. चासीचा पत्रा हाताने कापलेला आहे; पॉवर ट्रान्सफॉर्मर एखाद्या रेडिओतून काढलेला दिसतो; पहिल्या नलिकेचे सॉकेट बेकेलाइटचे, तर पुढची दोन सॉकेटे चिनी मातीची; आणि एका कोपऱ्यात जुन्या डाखेवर नव्या डाखेचा इतका जाड थर आहे, की त्या जागी निदान दोन पिढ्यांचे हात फिरले असावेत हे सरळ कळते. त्यावर कारखान्याचे नाव नाही. यातील कोणते वर्ष ‘मूळ’ धरावे?

ऱ्हास कसा होतो

पक्षापक्षांकडे वळण्यापूर्वी अशा संचाचे काय बिघडते, हे पाहिले पाहिजे; कारण मतभेदाची बरीच स्थळे तेथेच आहेत.

सर्वांत आधी जातात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्यातील ॲल्युमिनियमच्या पत्रीवरील ऑक्साइडचा सूक्ष्म थर विद्युत्दाबाखाली राहिला तरच टिकतो. संच वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिला म्हणजे तो थर क्षीण होतो, आणि एके दिवशी उत्साहाने बटण दाबताच कंडेन्सर तापून फुटतो व जाताना रेक्टिफायर नलिका, क्वचित ट्रान्सफॉर्मरही, घेऊन जातो. कार्बनच्या जुन्या रेझिस्टन्सांची किंमत हवेतील ओलाव्याने आणि उष्णतेने वाढत जाते. सेलेनियमचे रेक्टिफायर जळाल्यास विषारी धूर सोडतात.

यांहून कपटी बिघाड मेणाच्या कागदी कंडेन्सरांचा. मधल्या नलिकेच्या प्लेटवरून शेवटच्या नलिकेच्या ग्रिडकडे नाद नेणारा आणि तेथला एकदिश दाब अडवून धरणारा हा छोटा भाग बाहेरून अगदी निर्दोष दिसतो. समजा, अलीकडे २०० व्होल्ट आहेत, पलीकडे ग्रिडपासून चासीपर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे, आणि ओल शिरल्यामुळे कंडेन्सरातून ५० मेगओहम इतकीच, म्हणजे साध्या मीटरला दिसणारही नाही इतकी, गळती सुरू झाली आहे. एवढ्यानेच ग्रिडवर जवळजवळ २ व्होल्टांचा धन दाब येतो. २५० व्होल्टांवर चालणाऱ्या ईएल ८४चा ग्रिड साधारण ७.३ व्होल्ट ऋण ठेवला असता तिच्या प्लेटवर १२ वॅट, म्हणजे तिची कमाल मर्यादा, आधीच गाठलेली असते. त्यातले २ व्होल्ट वजा झाले की प्लेट अंधारात लालसर दिसू लागते आणि नलिकेचे आयुष्य झपाट्याने सरते. डहाणूच्या पावसाळ्यात कागदी कंडेन्सर कोरडा राहील ही अपेक्षाच व्यर्थ आहे; कोरड्या हवेच्या मुलखात लिहिलेल्या पुस्तकांतील ‘चालत असेल तर हात लावू नये’ हा उपदेश येथे जपूनच घ्यावा लागतो.

आणखी एक कारण विजेच्या दाबाचे. २२० व्होल्टांसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आज २४५ व्होल्ट येणाऱ्या घरात जोडला तर ६.३ व्होल्टांचा हीटर ७ व्होल्टांवर चालतो. अमेरिकेहून नातलगांनी आणलेले संच ११५-१२० व्होल्टांचे आणि ६० आवर्तनांचे असतात; दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपली ५० आवर्तने तशीच राहतात आणि मूळ ट्रान्सफॉर्मरचा गाभा अधिक तापतो.

पक्ष आणि प्रतिपक्ष

पहिला पक्ष वस्तूस दस्तऐवज मानतो. वास्तुजतनाच्या क्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेने जी तत्त्वे रूढ केली, की जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नव्याने घातलेला भाग जुन्यापासून ओळखू यावा, तीच तत्त्वे हा पक्ष ध्वनिवर्धकास लावतो. कारागिराने तारा कशा वाकवल्या, कोणत्या साली कोणता भाग मिळत होता, कोणती सांधणी घाईने केली गेली, हे सर्व त्या चासीत लिहिलेले आहे. भाग बदलणे म्हणजे पान फाडणे. म्हणून काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून राखावा, आणि ज्याचे ऐतिहासिक मोल मोठे तो संच चालू करण्याचा आग्रहच धरू नये, असे त्याचे म्हणणे आहे. संग्राहकांचा बाजारही याच बाजूस झुकतो, जरी त्याची कारणे निराळी असली. ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर बदललेल्या संचाची किंमत तेथे ताबडतोब उतरते. या भूमिकेचे बळ निर्विवाद आहे: एकदा भंगारात गेलेला भाग परत येत नाही. तिची उणीव अशी, की मुका ध्वनिवर्धक आपल्या मुख्य गुणाविषयी, म्हणजे नादाविषयी, काहीच सांगू शकत नाही.

दुसरा पक्ष वादकांचा. त्यांच्या दृष्टीने हे वाद्य आहे, आणि वाजत नाही ते वाद्य कसले? त्यांना नाद जपावयाचा आहे. भाग हे त्याचे साधन. पण ‘नाद’ म्हणजे काय, यावर याच पक्षात दोन तट पडतात. काहींच्या मते जुन्या जातीचाच कंडेन्सर, जुन्या जातीचाच कार्बनचा रेझिस्टन्स घातल्याशिवाय तो नाद येत नाही. इतरांच्या मते डोळे झाकून ऐकविल्यास हे फरक बहुधा ओळखता येत नाहीत, आणि आवाजाचा खरा कस आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि पुरवठ्याच्या दाबाची लवचिकता यांत असतो. माझा कल दुसऱ्या तटाकडे आहे, पण एका इशाऱ्यासह. पुरवठ्याचा कंडेन्सर ‘सुधारणा’ म्हणून मोठा घालण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. ईझेड ८१ या रेक्टिफायर नलिकेपुढे ५० मायक्रोफॅरडपेक्षा आणि जीझेड ३४पुढे ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कंडेन्सर कर्त्यांनी निषिद्ध ठरवला आहे. मर्यादा ओलांडली तर नलिका जाते, आणि ओलांडली नाही तरीही जोरात वाजवताना दाब जो क्षणभर खचतो नि सावरतो, ज्यामुळे स्वर दबून पुन्हा फुलतो, तो गुण कमी होतो.

तिसरी भूमिका या वादात क्वचितच मांडली जाते, ती आपल्या परंपरेतून येणारी. वारसाजतनाचे काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेने २००४ साली स्वीकारलेल्या सनदेत पाश्चात्त्य जतनतत्त्वांबरोबरच जीर्णोद्धाराच्या भारतीय कल्पनेस आणि जिवंत कारागिरीच्या सातत्यास स्थान दिले आहे: जुन्या भागाइतकेच, तो भाग घडवणारा हातही वारसाच होय. ती सनद वास्तूंसाठी आहे, हे खरे. पण वाद्यांच्या बाबतीत आपण पिढ्यान्पिढ्या हेच करीत आलो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी झिजली की ती पुन्हा काढून घेतात, आणि म्हणून तंबोरा खोटा झाला असे कोणी म्हणत नाही. आमच्या तालुक्यांतील वारल्यांचा तारपा भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानांचा. भोपळा फुटतो, मेण वितळते, पाने सुकतात, आणि तरी तारपा तारपाच राहतो, कारण तो बांधण्याची रीत शाबूत असते. या दृष्टीने पाहता ध्वनिवर्धकाचा जीर्णोद्धार म्हणजे रेडिओ-मेकॅनिकाची विद्या पुढील हातांत जाण्याचा प्रसंग ठरतो. या भूमिकेविरुद्धचा आक्षेपही वजनदार आहे: तारप्याची रीत समाजात जिवंत आहे, व्हॉल्व्हची रीत मात्र खंडित झाली आहे, आणि खंडित रीतीच्या नावाखाली वाटेल तो फेरफार खपवला जाऊ शकतो.

जेथे एकमत आहे

एका बाबतीत तिन्ही पक्षांत मतभेद उरलेला नाही, आणि ती बाब जिवाची आहे. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची घालावी, चासीस पक्के अर्थिंग द्यावे, मुख्य पुरवठ्यातून चासीकडे जाणारा जुना कंडेन्सर काढून टाकावा, आणि योग्य फ्यूज घालावा. गिटारीच्या तारा चासीशी थेट जोडलेल्या असतात. वादकाचा एक हात तारांवर आणि ओठ दुसऱ्या संचाला जोडलेल्या मायक्रोफोनवर आला की परिपथ पूर्ण होतो. ज्या संचांत पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही, असे स्वस्त एसी-डीसी संच गिटारीस मुळीच जोडू नयेत. संच बंद करून वायर काढली तरी कंडेन्सरांत तीन-चारशे व्होल्ट रेंगाळतात. ते रेझिस्टन्समधून उतरवून, मीटरने पाहूनच हात घालावा.

पहिल्यांदा वीज देण्याच्या रीतीवर मात्र दोन मते आहेत. लॅमिंग्टन रोडच्या जुन्या मेकॅनिकांचा भरवसा सिरीज बल्बवर: संचाच्या मालिकेत शंभर वॅटचा दिवा जोडावा, तो लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जाण्यास हरकत नाही. दुसऱ्या मताचे लोक डिमरस्टॅटने दाब तासातासाने चढवून कंडेन्सरातील थर पुन्हा बसवू पाहतात. असे सावरलेले कंडेन्सर किती काळ टिकतील याची हमी कोणी देत नाही. म्हणून अनेकांनी मधला मार्ग पत्करला आहे, की जुना ॲल्युमिनियमचा डबा बाहेरून तसाच ठेवून त्याच्या पोटात नवे कंडेन्सर बसवावेत. पहिल्या पक्षास हा उपाय फसवा वाटतो, कारण त्यात नवा भाग ओळखू येत नाही. डब्याच्या आत तारीख घातलेली चिठ्ठी ठेवल्यास हा आक्षेप बराचसा निवारतो असे मला वाटते, आणि मी तसे करतो.

अनिर्णित प्रश्न

नलिकांच्या पुरवठ्याचा प्रश्न पहिला. गिटारीच्या संचांस लागणाऱ्या नव्या नलिका आज मुख्यतः स्लोव्हाकियातील चादत्सा, रशियातील सारातोव्ह आणि चीन येथूनच येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची वार्ता येताच जगभर भाव कडाडले, तेव्हा हा आधार किती अरुंद आहे हे सर्वांच्या लक्षात आले. जुन्या, न वापरलेल्या नलिका चोरबाजारात नि पुण्याच्या बुधवार पेठेत अधूनमधून मिळतात. त्या संचात घालून वापराव्यात की मोजमापाच्या नमुन्यासाठी राखाव्यात, यावर मत ठरलेले नाही.

स्पीकरचा प्रश्न याच जातीचा. कागदाचा कोन फाटल्यावर नवा बसवून मिळतो, पण कोनाच्या कागदाची जाडी आणि कडेची सुरकुती बदलली की आवाज बदलतो. चुंबक आणि सांगाडा तेच असले तरी तो तोच स्पीकर म्हणावा का, याचे उत्तर प्रत्येक पक्ष आपापल्या परीने देतो.

सर्वांत बिकट प्रश्न आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. दोन ईएल ८४ आमनेसामने लावलेल्या संचात प्रायमरीकडे ८००० ओहम आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे ३१.६ येते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर सुटा करून प्रायमरीस ३१.६ व्होल्ट एसी दिल्यास सेकंडरीवर १ व्होल्ट दिसावा. एवढे कोणालाही मोजता येते आणि रिवाइंडिंग करणारा तेवढ्यावर काम करून देतो. परंतु नाद ठरतो तो केवळ गुणोत्तराने नव्हे. प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत कसे गुंफले, मधला कागद किती जाड होता, पत्र्यांचा गाभा कोणत्या प्रतीचा होता, यांवर वरच्या स्वरांची धार अवलंबून असते, आणि हा तपशील ट्रान्सफॉर्मर उलगडल्याशिवाय कळत नाही. कारखानदारी संचांच्या बाबतीत असे काही तपशील छापलेले तरी मिळतात. मुंबईच्या मेकॅनिकांनी बांधलेल्या निनावी संचांच्या बाबतीत ते गुंडाळणाऱ्याच्या हाताबरोबरच गेले. चालू स्थितीतला ट्रान्सफॉर्मर केवळ अभ्यासासाठी उलगडावा असे कोणीही म्हणणार नाही. जळालेला मात्र भंगारात देण्यापूर्वी थर मोजत उलगडावा, कागदाची जाडी आणि वेढ्यांची संख्या लिहून ठेवावी, आणि ते टिपण दुसऱ्यास वाचता येईल अशा नमुन्यात असावे, एवढी अपेक्षा तिन्ही पक्षांना मान्य व्हावी अशी आहे. तो नमुना कोणी ठरवावा, आणि रिवाइंडिंगवाल्यास या जादा वेळाची मजुरी संचाच्या मालकाने द्यावी की टिपण जपणाऱ्या संस्थेने, हे ठरावयाचे आहे. तोपर्यंत निदान या किनाऱ्यावर ते काम उन्हाळ्यातच उरकावे लागते. पावसाळ्यात मधला कागद ओलाव्याने फुगतो आणि त्याची जाडी खरी मिळत नाही.